‘पुन्हा सांग’ म्हणणाऱ्यांविषयी

१

नादिया मुरादचं ‘द लास्ट गर्ल’ मी फोनवर वाचलं, कंपनीच्या बसमध्ये. सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये चाळीस-पन्नास मिनिटं मिळायची, संध्याकाळी त्याहून जास्त. पुस्तकाचा विषय आधीच माहीत होता. इसिसनं २०१४ मध्ये उत्तर इराकमधल्या यझिदी गावांवर हल्ला केला, पुरुषांना मारलं, मुलींना गुलाम करून विकलं. त्यातल्याच एका मुलीचं हे आत्मकथन. तिला २०१८ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, हेही माहीत होतं.

पण पहिले दोन दिवस मी वाचत होतो ते वेगळंच काही होतं. मेंढ्या होत्या. तंदूरवर भाकऱ्या भाजणारी आई होती. अकरा मुलांना जवळजवळ एकटीनं वाढवलेली, विनोदी स्वभावाची ही शामी. भावांची भांडणं होती. गावातल्या नवरींच्या फोटोंचा एक अल्बम होता. नादियाला पुढे ब्युटी सलून काढायचं होतं, म्हणून तिनं केशरचना आणि मेकअप बघायला तो जमवला होता.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की माझा अंगठा जरा जास्तच वेगानं चालतोय. मी वाचत नव्हतो, पानं ढकलत होतो. ‘ते’ कधी येतंय, हे शोधत होतो.

हे लक्षात आल्यावर मी फोन बंद करून खिडकीबाहेर बघत बसलो. आपण संवेदनशील आहोत, म्हणूनच हे पुस्तक वाचतोय, अशी माझी समजूत होती. अंगठ्याचं म्हणणं वेगळं होतं. हा लेख त्या अंगठ्याविषयी आहे. नादियाचं पुस्तक, तिच्यावरचा ‘ऑन हर शोल्डर्स’ हा माहितीपट आणि तिच्या नावानं तयार झालेली एक आचारसंहिता या तिन्ही गोष्टी मला आता एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतात. युद्धात बलात्कार सोसलेल्या बाईनं बोलावं की नाही, यावर आपण खूप बोलतो. ती बोलायला लागल्यावर ऐकणाऱ्यानं कसं वागायचं, यावर फारसं बोलत नाही.

२

आधी थोडी पार्श्वभूमी. इराकच्या वायव्येला सिंजार नावाचा डोंगर आहे. त्याच्या परिसरात यझिदी राहतात. हा प्राचीन, स्वतंत्र धर्म मानणारा छोटा समाज आहे. ३ ऑगस्ट २०१४ ला इसिसनं सिंजारवर हल्ला केला. भागाचं संरक्षण करायला असलेलं कुर्दी पेशमर्गा सैन्य लोकांना न सांगता निघून गेलं. नादियाचं कोचो हे गाव डोंगरापासून लांब, दक्षिणेला. त्यामुळे तिथल्या लोकांना पळता आलं नाही. गावाला वेढा पडला. १५ ऑगस्टला सगळ्यांना शाळेत जमवलं. पुरुषांना बाहेर नेऊन गोळ्या घातल्या. त्यात नादियाचे सहा भाऊ गेले. वयस्कर बायकांनाही मारलं. त्यात शामी गेली. तरुण मुलींना मोसुलला नेलं. एकूण सहा हजारांहून जास्त यझिदी बायका-मुलं पळवली गेली. त्यातल्या अडीच हजारांहून अधिक जणांचा आजही पत्ता नाही.

त्या ऑगस्टमध्ये मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. इसिसबद्दलची त्या वर्षीची एक बातमी मला पक्की आठवते. कल्याणचे चार तरुण इराकला गेले होते आणि त्यांच्यात इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. हॉस्टेलमध्ये आम्ही त्यावर रात्र-रात्र बोललो. कोचो हे नाव मात्र मला आठवत नाही. कदाचित छापून आलंही असेल, पण आमच्या गप्पांत ते कधी आलं नाही.

आता पुस्तकाच्या सुरुवातीकडे परत. पहिल्याच पानांत एक अपहरण आहे. कोचोचे दोन शेतकरी पळवले जातात. त्यांच्याबरोबर पळवणारे एक कोंबडी आणि तिची पिल्लंही घेऊन जातात. नंतर एका मेंढपाळालाही नेतात, सोबत एक मेंढा आणि एक कोकरू. शेतकऱ्यांना नेलं ते समजू शकतं, पण कोंबडी कशाला? गाव चक्रावतं. पुढे वेढा पडल्यावर इसिसची माणसंच त्याचा अर्थ सांगतात. कोंबडी आणि पिल्लं म्हणजे तुमच्या बायका-मुलं, मेंढा म्हणजे तुमचे पुढारी, कोकरू म्हणजे तुमच्या मुली.

घाईत वाचताना मी कोंबडीवरून पुढे गेलो होतो. परत जाऊन वाचलं तेव्हा कळलं, की पुस्तकाच्या तीन भागांतला पहिला अख्खा भाग कोचोसाठी का आहे. इसिसला जे संपवायचं होतं ते हेच होतं. आई, तंदूर, अल्बम, शेजारच्या अरब गावांशी असलेलं जाणं-येणं. बलात्कार हे त्यासाठीचं हत्यार होतं. काय मोडलं हे ठाऊकच नसेल, तर हत्याराचं वर्णन वाचून आपल्याला फक्त शहारा येतो. शहारा ओसरायला वेळ लागत नाही.

म्हणून मला वाटतं, पुस्तकाची रचना हाच त्याचा युक्तिवाद आहे. जेना क्रॅजेस्कीच्या मदतीनं लिहिलेलं हे इंग्रजी सरळ, बिनसजावटीचं आहे. काही ठिकाणी ते वार्ताहराच्या वळणावर जातं. इराकचा इतिहास सांगणारे परिच्छेद नादियाच्या तोंडी शोभत नाहीत, तिथे सांधा दिसतो. पण राग मात्र पूर्ण तिचा आहे. पेशमर्गांवरचा राग. दारापुढून नेत असताना गप्प बसलेल्या शेजाऱ्यांवरचा राग. मोसुलमध्ये तिला आसरा देणारं, जीव धोक्यात घालून बाहेर काढणारं एक सुन्नी कुटुंबही पुस्तकात आहे. ते भेटल्यामुळे इतरांवरचा तिचा राग कमी होत नाही, उलट वाढतो. या घराला जमलं, तर बाकीच्यांना का नाही?

३

आमच्या कामात एखादा बग आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. रिप्रोड्यूस होतो का? तक्रार करणाऱ्यानं पायऱ्या लिहून द्यायच्या. इथे क्लिक केलं, मग हे भरलं, मग ॲप बंद पडलं. तेच आमच्या डोळ्यांसमोर पुन्हा घडलं, की आम्ही तक्रार खरी मानतो. तिकीट एका टीमकडून दुसरीकडे गेलं, की दुसरी टीम आधीचं काही न वाचता पुन्हा तेच विचारते. मशीनचं त्यात काही बिघडत नाही.

नादिया सुटल्यावर तिच्याबाबतीत हेच झालं, फक्त ती मशीन नव्हती. मोसुलमधून कुर्दिस्तानात पोचतानाच कुर्दी सुरक्षा अधिकारी तिला अडवतात आणि तिची हकीकत कॅमेऱ्यासमोर सांगायला लावतात. त्यांना तिच्या दुःखापेक्षा दुसऱ्या कुर्दी पक्षाचं सैन्य कसं पळालं, यात जास्त रस असतो. चेहरा दिसणार नाही, असं आश्वासन मिळतं. पुढे ते चित्रण बातम्यांत येतं. तिला सोडवणाऱ्या कुटुंबाचा जीव धोक्यात येऊ शकतो, या भीतीनं ती हादरते. सुटकेनंतरचं तिचं पहिलंवहिलं सांगणंच असं परस्पर वापरलं गेलं. माझ्या मते संपूर्ण पुस्तकातला हा सर्वांत कमी चर्चिला गेलेला प्रसंग आहे. त्यात एकही राक्षस नाही. फायली सांभाळणारी, कर्तव्य बजावणारी माणसं आहेत. म्हणूनच तो मला जास्त ओळखीचा वाटला.

अलेक्झांड्रिया बॉम्बाकचा ‘ऑन हर शोल्डर्स’ (२०१८) इथून पुढे सुरू होतो, असं म्हणता येईल. बॉम्बाकनं २०१६ मध्ये नादियाच्या मागोमाग कॅनडा, जर्मनी, ग्रीसमधल्या निर्वासित छावण्या आणि न्यूयॉर्क असा प्रवास केला. दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन तिचंच. या चित्रपटात कोचोतलं हत्याकांड पुन्हा उभं केलेलं नाही. रडकं संगीत लावून अत्याचारांचं वर्णन ऐकवलेलं नाही. कॅमेरा ऐकणाऱ्यांकडे वळवलेला आहे.

पत्रकार येतात, माईक लावतात, सहानुभूतीनं मान हलवतात आणि त्याच प्रश्नावर येतात. तुला कसं पकडलं? तुझ्यावर काय केलं? बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, बाजूला तिचा दुभाषा आणि सहकारी मुराद इस्माईल. ती थांबते, श्वास घेते आणि सांगते. मुलाखत संपते, फोटो निघतो. पुढचं शहर, पुढचा माईक. आपल्याला काय विचारलं जावं असं वाटतं, हे ती एकदा कॅमेऱ्याकडे बघून सांगते. यझिदींना हक्क मिळावेत म्हणून काय करायला हवं, अजून कैदेत असलेल्या मुलींचं काय, युद्धात बाईचा बळी जाऊ नये म्हणून काय करता येईल. हे प्रश्न तिला क्वचितच विचारले जातात.

चित्रपटात आपली ओळख कशी असावी, याचीही ती यादी देते. शिवणकाम, शिक्षण, खेळ, मेकअप, शेती. अल्बमवाली मुलगी इथे पुन्हा भेटते. त्या क्षणी पुस्तक न वाचलेल्याला ती यादी साधी वाटेल. वाचलेल्याला ती सहन होत नाही.

इस्माईलचं दिसणं हेही चित्रपटाचं मोठं काम आहे. युद्धातल्या लैंगिक हिंसेविरुद्ध काम करणारा कार्यकर्ता म्हणजे भाषणं करणारा माणूस, असं आपल्या डोक्यात असतं. इथे तो दुभाषा आहे. प्रत्येक वाक्य आधी स्वतः ऐकून मग दुसऱ्या भाषेत उच्चारणारा. भाषणाचा मसुदा बघणारा, पुढची भेट ठरवणारा, आणि मधेच स्वतः कोसळायला येणारा. तो स्वतः यझिदी आहे, तेव्हा त्याला हे काम संपवून सुटी घेऊन घरी जाता येत नाही.

४

तरीही या चित्रपटाबद्दल माझ्या तक्रारी आहेत.

पहिली तक्रार म्हणजे तो जो दोष दाखवतो, तो त्याच्यातही आहे. नादियाच्या थकलेल्या चेहऱ्याचे जवळून घेतलेले शॉट्स इतके आहेत, की शेवटी शेवटी आपण त्यांचीच वाट बघायला लागतो. बलात्काराचा तपशील मागणारा प्रेक्षक बाजूला केला, पण त्याच्या जागी थकवा बघणारा प्रेक्षक आला.

दुसरी तक्रार एकटेपणाची. नावातच खांदे आहेत, आणि ते एकाच मुलीचे आहेत. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यानं सुमारे ११०० यझिदी बायका-मुलांना आसरा आणि उपचार दिले. नादिया त्यातलीच एक. तिच्यासारख्या बाकीच्या शेकडो जणी काय करत होत्या? न बोलण्याचा निर्णय घेतलेलीला तिथे कशी मदत मिळाली? चित्रपटाला हे विचारायला वेळ मिळत नाही. जी बोलते तीच आपल्याला दिसते, हा तर आपला नेहमीचाच दोष आहे.

तिसरी तक्रार सर्वांत अवघड. इसिसच्या कैदेतून परतलेल्या मुलींना घरात घ्यावं, त्या पवित्रच आहेत, असं यझिदींचे धर्मगुरू बाबा शेख यांनी जाहीर केलं. लालिशच्या मंदिरात त्यांच्यासाठी शुद्धीचे विधी झाले. जिथे धर्माबाहेर लग्न केलेल्याला परत जागा नाही, अशा बंदिस्त समाजात ही फार मोठी गोष्ट होती. ‘अब्रू लुटली’ हा शब्दप्रयोग आपल्या वर्तमानपत्रांतून जायला किती वर्षं लागली, ते आठवलं की तिचं मोल कळतं. लुटणारा दुसराच, आणि गमावल्याची नोंद मात्र बाईच्या नावावर! यझिदींनी एका घोषणेनं ती नोंद खोडली. पण बलात्कारातून जन्मलेल्या मुलांचं काय? एप्रिल २०१९ मध्ये यझिदींच्या सर्वोच्च धार्मिक परिषदेनं काढलेल्या निवेदनातून या मुलांनाही स्वीकारल्यासारखं वाटलं. काही दिवसांतच खुलासा आला, की त्यात ही मुलं धरलेली नाहीत. कितीतरी आयांना मूल किंवा गाव यातलं एकच निवडावं लागलं. चित्रपट या खुलाशाच्या आधीचा आहे, हे खरं. पण प्रश्न तेव्हाही होता. आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर नेण्यासाठी कथा सरळ करावी लागते आणि अशी मुलं त्या कथेत बसत नाहीत.

५

इथे कुणी म्हणेल, की मग काय, नादियानं बोलायलाच नको होतं का?

तसं अजिबात नाही. १६ डिसेंबर २०१५ ला ती सुरक्षा परिषदेसमोर बोलली. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाच्या संसदेनं यझिदी निर्वासितांना आसरा देण्याचा ठराव एकमतानं केला. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये इसिसच्या गुन्ह्यांचे पुरावे गोळा करायला संयुक्त राष्ट्रांचं तपास पथक स्थापन झालं. १ मार्च २०२१ ला इराकनं यझिदी स्त्रियांना भरपाई देणारा कायदा केला. या सगळ्यांमागे एकटी नादिया नव्हती, पण बोलणाऱ्या बायका होत्याच.

फरक सांगण्यात नाही, सांगण्याचं पुढे काय होतं यात आहे. यासाठी एक जुना खटला बघण्यासारखा आहे. १९९४ च्या रवांडा नरसंहारानंतर टाबा गावाचा माजी महापौर अकायेसू याच्यावर टांझानियातल्या अरुशा इथे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात खटला चालला. सुरुवातीच्या आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. १९९७ मध्ये एका साक्षीदार बाईनं बोलता बोलता आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर झालेल्या बलात्काराचं सांगितलं. तीन न्यायाधीशांत नवी पिल्ले ही एकटी स्त्री होती. दक्षिण आफ्रिकेतली, तमिळ वंशाची. न्यायालयानं तो धागा सोडला नाही, पुढे प्रश्न विचारले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात बलात्कार हे नरसंहाराचं कृत्य असू शकतं, हे जगात पहिल्यांदा एका आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मान्य केलं.

हाही ‘पुढे सांग’च होता. पण त्या प्रश्नाची जबाबदारी विचारणाऱ्यावर होती. उत्तर मिळाल्यावर काहीतरी करणं त्याला भाग होतं.

यझिदींच्या बाबतीत असा दिवस यायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. फ्रँकफर्टच्या न्यायालयानं इसिसच्या एका इराकी सदस्याला नरसंहारासाठी जन्मठेप दिली. त्यानं गुलाम म्हणून विकत घेतलेल्या पाच वर्षांच्या यझिदी मुलीला भर उन्हात साखळीनं बांधून ठेवलं होतं. ती तहानेनं मेली. यझिदींवरच्या नरसंहारासाठी जगातली ही पहिली शिक्षा. मुलीची आई वाचली होती. तिनं न्यायालयात साक्ष दिली. तिचं सांगणं रेडिओवरच्या सांगण्याहून सोपं होतं, असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या शेवटी फोटो नव्हता, निकाल होता.

उलट उदाहरणही आहे. २३ एप्रिल २०१९ ला सुरक्षा परिषदेनं युद्धातल्या लैंगिक हिंसेवर ठराव क्रमांक २४६७ मंजूर केला. त्या दिवशी नादिया तिथे बोलली. तिच्याबरोबर नोबेल मिळालेला डॉक्टर डेनिस मुकवेगेही बोलला. काँगोतल्या बुकावूजवळच्या पांझी रुग्णालयात १९९९ पासून हजारो जखमी बायकांवर शस्त्रक्रिया करणारा हा स्त्रीरोगतज्ज्ञ. त्याच्या रुग्णालयात उपचारांबरोबर मानसिक आधार, कायदेशीर मदत आणि पायांवर उभं राहायचं शिक्षण, असं सगळं एकत्र मिळतं. बाईला दारोदार फिरून तीच हकीकत सांगायला लागू नये, याचा यापेक्षा साधा उपाय मला सुचत नाही. पण ठरावाच्या मसुद्यातून लैंगिक आणि प्रजनन आरोग्यसेवेचा उल्लेख अमेरिकेच्या नकाराधिकाराच्या धमकीमुळे गाळला गेला. दोन नोबेलविजेत्यांना ऐकून घेतलं आणि बलात्कार झालेल्या बाईला लागणाऱ्या उपचारांची ओळ खोडली. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये इराक सरकारच्या इच्छेनुसार ते तपास पथकही बंद झालं. तिकीट क्लोज्ड.

६

एप्रिल २०२२ मध्ये ‘मुराद कोड’ नावाची आचारसंहिता जाहीर झाली. लैंगिक हिंसा सोसलेल्यांकडून माहिती घेणाऱ्या पत्रकार, तपास अधिकारी, संशोधक, माहितीपटकार, स्वयंसेवी संस्था, अशा सगळ्यांसाठी. मी ती वाचली ते नावात ‘कोड’ आहे म्हणून, हे कबूल करतो.

समीक्षेच्या लेखात आचारसंहितेचं काय काम, असं वाटेल. पण मला ती ‘द लास्ट गर्ल’ आणि ‘ऑन हर शोल्डर्स’ यांवरची सर्वांत नेमकी समीक्षा वाटते. तिचा गाभा असा : विचारण्याआधी बघा, हे आधीच कुणाला सांगून झालंय का. तुमच्या विचारण्यानं काही भर पडणार नसेल, तर विचारू नका. नाही म्हणण्याचा, मधेच थांबण्याचा, उत्तर न देण्याचा हक्क तिचा आहे. जी समोर आहे ती एक व्यक्ती आहे, ‘पीडितां’चा नमुना नाही. घाई असेल तर जाऊ नका. म्हणजे आधी लॉग वाचा, मग रिप्रोड्यूस करायला सांगा. आणि शक्यतो सांगूच नका.

या संहितेची मर्यादा उघड आहे. ती न पाळणाऱ्याला शिक्षा नाही. शिवाय ती विचारणाऱ्यांसाठी आहे. वाचणाऱ्यांसाठी, बघणाऱ्यांसाठी, बसमधून अंगठा फिरवणाऱ्यांसाठी तशी संहिता कुणी लिहिलेली नाही. पत्रकार तोच प्रश्न पुन्हा विचारतो, कारण त्याला ठाऊक असतं, की आपण तिथेच क्लिक करणार आहोत. मागणी आपली असते, तो फक्त पुरवठा करतो.

म्हणून मी ‘द लास्ट गर्ल’चा पहिला भाग पुन्हा वाचला, सावकाश, घरी बसून. दुसरा भाग पुन्हा वाचला नाही. तो एकदा वाचलेला पुरेसा होता; तिनं लिहिलं ते मी मानलं.

मागच्या आठवड्यात बसमध्ये शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यानं फोनवरचं मुखपृष्ठ बघून विचारलं, “ही ती इसिसवाली ना? काय झालं होतं रे नेमकं तिच्यासोबत?” प्रश्न वाईट हेतूनं नव्हता. महिन्यापूर्वी मीही हाच विचारला असता.

ट्रॅफिक तुंबला होता, वेळ भरपूर होता. मी त्याला आधी शामीबद्दल सांगितलं, मग अल्बमबद्दल. मग म्हटलं, “गावात एकदा दोन शेतकऱ्यांना पळवलं, आणि त्यांच्याबरोबर एक कोंबडीही नेली.”

“कोंबडी? कोंबडी कशाला?” त्यानं विचारलं.